हयातीचा दाखला

जहाज सकाळी सहाला लागलं, सुटणार रात्री नऊला.
दादरपासून टॅक्सीत मी हिशेबच करत होतो:
उतरायच्या रांगेला एक तास,
जाताना चार, येताना पाच, ठाण्याचा भरवसा नाही,
चढायच्या रांगेला पुन्हा एक.
कसारा घाट चढेपर्यंत उत्तर तेच येत राहिलं.
नाशिकला चार तास.

बारा वर्षं मी केबिनी आवरतो.
प्रत्येक बंदरात कुणीतरी दार किलकिलं करून विचारतं,
एवढ्याशा वेळात काय काय बघून होईल?
मी सांगतो, एकच काहीतरी धरा,
बसायला मिळालं तर बसा.
कुणी ऐकत नाही. मीही कुठे ऐकलं?
खिशात यादी होती.
काळ्या रश्श्याची मिसळ, पाव जास्तीचे.
भांडी बाजारातून एक तांब्या, फुलपात्रासकट.
गंगेवर जाऊन दुतोंड्या मारुतीला विचारायचं
यंदा पाणी कुठवर आलं होतं, कमरेला की गळ्याला.
बुधवार आहे, म्हणजे घाटावर बाजारही असेल.
आणि तळाशी, अधोरेखित:
आई, जेवण.

जेल रोडला रिक्षातून उतरलो
तर आई दाराला कुलूप लावून जिन्यातच उभी.
"बरं झालं आलास. बँकेत चल.
जिवंत असल्याचं दाखवायला तीनच दिवस उरलेत."

आमचं टोकन एकशे सहा.
फलकावर एकसष्ट, आणि एकसष्टलाच सर्व्हर बसला.
बाकावर सगळे बाबांच्या प्रेसमधले,
किंवा त्यांच्या मागे राहिलेल्या.
तीस वर्षं नोटा मोजल्या ह्या माणसांनी, एकही स्वतःची नाही.
आता मफलर गुंडाळून
स्वतःला मोजून घ्यायला आलेली.

मी दर दहा मिनिटांनी घड्याळ बघत होतो.
मिसळ गेली. मग घाट गेला.
तांब्या जाताना मला थोडं लागलं.

सव्वाला आईने पिशवीतून डबा काढला.
भाकरी, मेथी, लसणाची चटणी.
"द्राक्षं नाही आणलीस?" मी गमतीने म्हटलं.
"नोव्हेंबरात? पाण्यावर राहून
ऋतूसुद्धा विसरलास की काय."
डब्याच्या फडक्याचा मी हत्ती केला,
केबिनीत टॉवेलचा करतो तसा, सोंड वर.
तिने तो मांडीवर फिरवून फिरवून पाहिला.
"हे शिकायला एवढ्या लांब गेलास?"
शेजारचे काका म्हणाले, घोडा येतो का?
घोडा येत नाही मला.

एकशे सहा. इंदुमती पोपट आहेर.
खैरनार मॅडमनी यंत्र पुढे सरकवलं.
अंगठा लागेना. पुसला, फुंकर मारली,
दुसरं बोट, तिसरं, डावा हात.
पडद्यावर प्रत्येक वेळी तेच लाल: जुळत नाही.
"घासून गेलेत," मॅडम म्हणाल्या, जरा हळूच.
"मग काय तर," आई म्हणाली,
"पितळ उजळायचं म्हणजे काहीतरी झिजणारच."
तिला राग आला नव्हता. मला आला होता,
कुणाचा ते कळत नव्हतं.

शेवटी डोळ्याचं यंत्र आणलं आतून.
मोतीबिंदू काढलेल्या उजव्या डोळ्यात
ती सापडली. हिरवी खूण. कागद.
आईने तो दोनदा वाचला
आणि माझ्या हातात दिला, बघ म्हणून,
शाळेत मी प्रगतिपुस्तक द्यायचो तसा.

तीनला पाच कमी.
रिक्षात बसताना हत्ती माझ्या पिशवीत कोंबायला लागली.
मी म्हटलं, राहू दे, डबा कशात बांधशील?
तर म्हणाली, त्याला आता सोडवायचं कशाला.

साडेआठला मी गेटवर.
पुढे माळा घातलेले प्रवासी,
एकाच दिवसात मुंबई बघून दमलेले.
माझी पाळी आली, अंगठा ठेवला.
पहिल्याच झटक्याला हिरवा.
पहारेकरी पुढच्याकडे वळला.
मी तिथेच उभा राहून अंगठा बघत होतो,
रेषा अजून सगळ्या जागच्या जागी,
आणि नखाजवळ थोडी लसणाची चटणी.