रोवणीत सोडलेली जागा

चिखलात वाकलेल्या बारा पाठी
एकदम थांबल्या.
बांधीच्या मधोमध गवताचा ढीग,
वर दोन अंडी,
आणि माणसाएवढा सारस
उडून न जाता बघत राहिलेला.

फुलवंताबाई एवढंच म्हणाली,
“रोवना फिरवून घ्या वो.”
पऱ्हे धरलेल्या हाताची चिखलाची बोटं
कपाळाला टेकवली.

तिच्या नवऱ्यानं हिशेब काढला :
दोन कुडव धान गेलं.
“गेलं काहून? थे त्यायचंच होतं.”

कार्तिकात कापणी झाली,
तरी बांधीत तो गोल उरला,
गवत काळं पडलेलं, पाखरं कधीच गेलेली.
बांधाकडची सरळ वाट त्यातूनच होती.
भारे डोक्यावर घेऊन बाया
एकीमागून एक वळसा घालत गेल्या.

मी गावात नवी. मधूनच चालले असते.
पुढचीच्या टाचा वळल्या
म्हणून वळले.