खांब क्रमांक सतरा

कर्वेनगरात आमच्या इमारतीखाली, दुसऱ्या तळघरात,
सतराव्या खांबाच्या खांद्यातून पाणी ठिबकतं.
पावसाळा सरून चार महिने झाले तरी.
उकिडव्यांच्या काळ्या गाडीच्या टपावर
त्यानं पांढरे ओघळ काढलेत,
आणि सोसायटीच्या सभेत
विषय क्रमांक तीन : गळती.

लिंबराज म्हणतो, इथं विहीर होती.
बंगला पाडला तेव्हा बुजवली.
‘झरा मरत नसतोय, मॅडम. त्यो वाट बघतो.’
बघतो म्हणजे थांबतो की शोधतो,
मी विचारलं नाही.

मी बोट लावलं.
बुळबुळीत. साबणासारखं, पण साबण नाही.
ही बुळबुळ माझ्याच कातडीची,
क्षारानं तिच्यातून सोडवून घेतलेली.
आईच्या पापडखाराच्या पातेल्यात
हात घातला की असंच व्हायचं,
आणि ती ओरडायची.

सामू मोजायची पट्टी जवळ नव्हती.
रुमालावर दुपारच्या डब्यातल्या बटाट्याचा
पिवळा डाग होता.
त्यावर एक थेंब सोडला.
हळदीचं कुंकू झालं, तिथंच, रुमालावर,
ट्यूबलाइटच्या उजेडात.

दुसऱ्या दिवशी पाषाणच्या प्रयोगशाळेत
यंत्रानं आकडा दिला : अकरा पूर्णांक आठ.
केळुसकर बाई म्हणाल्या, सिमेंटचं पाणी ते,
लोणारचं असतं तर काही लिहिता तरी आलं असतं.
लिंबराज म्हणाला,
‘आमच्या चोपण रानाचा सामू साडेनऊ.
तितं तूर बी येत नाही.
अकरात काय जगणार?’

काचपट्टीवर, निळ्या रंगात,
पाच काड्या.
पुन्हा मोजल्या. पाचच.

बाहेर सगळा चुना.
आत मात्र त्या साडेआठावर टिकून.
बाहेर प्रोटॉनचा दुष्काळ,
एखादा सापडलाच तर दारातून आत ओढायचा
आणि एक सोडियम बाहेर ढकलायचा.
पुन्हा एक आत. पुन्हा एक बाहेर.
एवढ्या खटाटोपात वाढायचं कधी?
दह्यातले जिवाणू एका रात्रीत पातेलं भरतात.
यांना एकाचे दोन व्हायला आठवडा.
घाई नाही, असंही म्हणवत नाही मला,
त्यांची घाई आत आहे.
दिसत नाही एवढंच.

तीन नलिका भरल्या. चिठ्ठीवर लिहिलं : ख-१७.
गावाचं नाव लिहायच्या रकान्यात
‘पार्किंग’ लिहिलं,
मग खोडून
‘विहीर’.

रविवारी ठराव मंजूर झाला.
मी हात वर केला की नाही, आठवत नाही.
मंगळवारी ठेकेदाराची माणसं आली,
भोकं पाडली, काहीतरी राळेसारखं आत दाबलं,
वर करडा रंग मारला.
सतरा कोरडा.
उकिडव्यांनी पेढे वाटले नाहीत,
पण लिफ्टमध्ये हसले.

नलिका निवळशंख.
आठ दिवस. पंधरा दिवस.
केळुसकर बाई येता-जाता बघायच्या
आणि काही बोलायच्या नाहीत,
त्या बऱ्या आहेत तशा.
तेविसाव्या दिवशी
मधली नलिका उजेडासमोर धरली तर
पलीकडची अक्षरं किंचित पुसट.
श्वास लागल्यावर चष्मा होतो ना, तेवढीच.
मी बाहीनं काच पुसली.
पुसट ते पुसटच.

घरी आले तर लिंबराज गेटवरच उभा,
हातात टॉर्च, आवाज खाली :
‘मॅडम, विसाव्या खांबाला घाम फुटलाय.’

मी पर्समध्ये बाटली चाचपली.
‘आणि उकिडव्यांची गाडी?’

‘त्येनी जागा बदलून घेतलीया,’ तो म्हणाला.
‘विसालाच लावत्यात आता.’