स्टेशन एकोणचाळीस

पार्सल हुंगून शेषेराव म्हणाले,
"मॅडम, हे तर दारूत घातलेलं लोणचं दिसायलंय."
बत्तीस बाटल्या. गळ्यात चिठ्ठ्या:
स्टेशन, खोली, तारीख,
आणि अक्षांशापुढे दर वेळी 'दक्षिण'.

अंबाजोगाईत एप्रिल. प्रयोगशाळेचा पंखा
गरम हवाच इकडची तिकडे करतो.
समुद्र मी एकदाच पाहिलाय, सहलीत,
तोही ओहोटीचा.
आता त्याच्या पार तळटोकाची पिल्लं मोजतेय
वाटीतल्या रेघांच्या चौकटीत,
एकेक, सुईनं बाजूला सारत.

पलीकडच्या टेबलावर मेहजबीन इनामदारचा पडदा:
उपग्रहानं वरून टिपलेलं तेच पाणी.
एक चौकोन चार किलोमीटरचा,
म्हणजे मंडी बाजार, मोंढा, आमचं कॉलेज, मोरेवाडी
सगळं मिळून एक ठिपका, एक रंग.
हिरवा असेल तर शेवाळ, निळा असेल तर उपास.
पांढरा आला की
बर्फ की ढग, यावर ती तासभर बसते.
ढग निघाला तर चौकोन बाद.
"ढग म्हणजे माहिती नाही," ती म्हणते.
हे वाक्य मी घरी सांगितलेलं नाही.
आमच्या गल्लीत जून लागला की सगळे मोबाईलवर
तेच पांढरं शोधत असतात.

शून्य आणि रिकामं यांतला फरक तिनंच शिकवला.
शून्य: पाहिलं, नव्हतं.
रिकामं: कुणी पाहिलंच नाही.

कॉलेजमागे तीन दिवस बोअरची गाडी घरघरतेय.
सहाशे चाळीस फूट, आणि राखाडी भुकटी
खिडकीच्या जाळीतून आत, तक्त्यावर, जिभेवर.
शेवटची बाटली. स्टेशन एकोणचाळीस, आठशे मीटर:
एकाखाली एक चार बोअर लावा, तेवढं खोल.
दोन वाट्या कोऱ्या गेल्या.
शून्य लिहायला पेन टेकवलं
आणि तिसऱ्या वाटीच्या काठाला ते होतं,
क्रिलचं पिल्लू,
खसखशीहून लहान, अवयवांच्या तीन जोड्या पसरून.

शेषेरावांनी एक डोळा तळव्यानं झाकला.
"तोंड कुठंय याला?"
"अजून फुटलं नाही."
"मग खायलंय काय?"
"आईनं अंड्यात बांधून दिलेलं."
बराच वेळ ते वाकलेलेच राहिले.
अंडं बुडत बुडत खाली जातं, मी सांगत होते,
काळोखात फुटतं, मग हे पोहत वर निघतं,
कित्येक दिवस, कित्येक रात्री,
त्या एका शिदोरीवर.
"अन् वर काय हाय त्याला?"

मेहजबीननं तारीख शोधली, अक्षांश जुळवले.
चौकोन पडद्यावर आला.
पांढरा.
ती खुर्ची ओढून पुढं सरकली.
बाहेर गाडी केव्हा बंद पडली कळलं नाही,
कुणीतरी पाइप मोजत होतं, मोठ्यानं.
मी खोलीपुढे एक लिहिला,
आणि शेजारचा, पृष्ठभागाचा रकाना
रिकामा सोडला.