कंडेन्सर

सावद्याच्या बर्फखान्यात पहिल्या रात्रपाळीला
लोटू फेगडे मला म्हणाला होता,
"डबे कितीही भर रे भो,
बर्फ पाण्यानं होत नाही.
गरमी बाहेर जाईल तेवढाच बर्फ."
मला वाटलं, म्हातारा कोडं घालतोय.

मग मे आला.
गच्चीवरच्या नळ्यांवरून ओघळणारं पाणी
ऊन ते ऊनच.
गेजचा काटा लाल रेघेला टेकलेला,
अमोनिया डोळ्यांत,
आणि पहाटेचे चार झाले तरी
डब्यांच्या मधोमध पाण्याची पोकळ नळी तशीच.
पाणी कमी नव्हतं, वीज होती.
हवाच आमची गरमी घेईना.

आता फेगडे नाही. त्याची वही आहे.
डाव्या बाजूला प्रेशर,
उजव्या समासात गच्चीवरच्या डालड्याच्या डब्यात
पट्टी बुडवून मोजलेला पाऊस.
बेरीज थोडी थोडी वाढती,
ओळी मात्र दर पानावर कमी.
एका ओळीखाली दोनदा रेघ मारलीय:
"सुकीला पूर. इकडं टिपूस नाही."

यंदा श्रावण अर्धा सरला.
सातपुडा दिसत नाही इतकी वाफ,
मिठाच्या बरणीत पाणी सुटलंय,
काडी तीनदा ओढली तरी विझते.
वर भरलंय, पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त भरलंय.
पण थेंब जमताना
आपली ऊब वरच ठेवून खाली येतो,
आणि ती ऊब कुणीतरी
चांदण्यांपलीकडच्या काळोखात नेऊन टाकावी लागते.
ते काम हवेचं.
मोटर नाही, पट्टा नाही, आवाज नाही,
दिवसरात्र टाकतेच आहे बिचारी.
टाकण्याचा वेग वाढलाय खरा,
पण चिमूटभर,
भरणाऱ्याचा हात पसाभर.

म्हणून आभाळ हल्ली हिशेबानं सोडतं.
कुठं तरी तासाभरात सगळं ओतून मोकळं होतं,
मग आठवडाभर
सगळीकडे नुसतं तुंबून राहतं,
बनियनसारखं अंगाला चिकटून.

आत्ता साडेचार.
सलदार तडवीनं ट्रक फाटकाशी लावून
दोनदा हॉर्न दिला.
मी चेन ओढून एक डबा वर घेतला,
हलवला. आत डुचमळलं.
परत खाली सोडत ओरडलो, थांब अजून.

तो चपला फटफटवत आत आला,
डब्यात वाकून बघितलं,
आणि खऱ्याच आश्चर्यानं म्हणाला,
"काबरं भो? भरलेला तर आहे."