कंदिलाचं झाड

चिलीच्या ओल्या डोंगरातलं हे झुडूप.
कॉर्नवॉलच्या या किनाऱ्यावर
त्याचं नात्याचं कोणी नाही.
जागो म्हणाला होता, जगायचं नाही, केरेन्झा,
असल्या पाहुण्याला दोन हिवाळे पुरतात.

जागा निवडताना चुकले मीच.
पूर्वेला लावलं, सकाळचं ऊन मिळेल म्हणून.
पहिल्याच हिमात पानं काळी पडली,
जळक्या कागदासारखी.
शेजारच्या पेंगेलीबाईंनी बोटानं पान उलटलं:
"थंडीनं नाही गेलं हे.
गोठलेल्याला एकदम ऊब दिलीस,
तिनं गेलं."

मग उकरलं, ओल्या गोणपाटात मुळं बांधली,
घराच्या पश्चिम अंगाला नेलं,
जिथे दहापर्यंत ऊन पोचत नाही.
नळाचं पाणी चालत नाही याला, चुना असतो त्यात.
पिंपातलं पावसाचंच.
मुळं गार, डोकं उजेडात.
आणि जगायचं नाही म्हणणारा जागो
दोन उन्हाळे भिंत रचत बसला,
पाटीच्या दगडाची, नुसती दगडावर दगड,
समुद्राकडे पाठ करून.

ऑक्टोबरात देठ सुटतात,
टोकाला हिरवी गाठ, मिऱ्याएवढी.
आणि थांबतात.
वादळं येतात, गारा येतात,
एकही गाठ बोटभर पुढे सरकत नाही.
मे लागला की लाल होतात,
जाड पाकळ्यांचे, खाली तोंड केलेले कंदील,
शेकड्यांनी,
आणि भुंगे आत शिरून वात शोधतात.

जागो मार्चात गेला.
लोक आले पातेली घेऊन, मिठ्या घेऊन,
पडदे सारले, खिडक्या उघडल्या,
बोल, केरेन्झा. रड. बाहेर पड.
मी सगळ्यांना चहा दिला.
आणि रोज, दहा वाजेपर्यंत,
त्या कोपऱ्यात जाऊन बसले.

आता घर विकायला काढलंय,
गुडघ्यांचं जिन्याशी पटत नाही.
काल ट्रूरोहून एक जोडपं आलं, भली माणसं.
त्यानं भिंतीवर थाप मारली:
ही पाडली तर थेट समुद्र दिसेल.
दिसेल, म्हटलं.
समुद्रालाही तुम्ही दिसाल.

ती वाकून देठ बघत होती.
"हे उमलणार कधी?"
मेमध्ये.
काही बोलली नाही.
एक गाठ तळव्यावर घेतली, न तोडता,
आणि सोडून दिली.

निघताना, तो गाडी वळवत असताना,
ती फाटकातून परत आली:
"ते पावसाचं पिंप
तुम्ही नेणार की ठेवणार?"

ठेवते, म्हटलं.
झाकणासकट.