गार असताना की तापल्यावर

क्लीथॉर्प्सच्या पिंचबेकबाईंनी गाडी विकताना
एमओटीचे कागद दिले, दोन चाव्या दिल्या
आणि म्हणाल्या, हिला एकच खोड आहे,
कळेल तुम्हाला.
चौऱ्याण्णव हजार मैल चाललेली फाबिया.
मी वाद घातला नाही.

आठवड्यात पिवळा दिवा लागला.
पुस्तिका म्हणते ते इंजिन आहे,
मला ते पाठीवर नळ बसवलेलं कासव वाटतं.
मग कढईत उभं उद्गारचिन्ह.
मग तेलाची झारी, लाल,
एका वळणावर लुकलुकली आणि विझली,
दाराआडून डोकावून पळणाऱ्या पोरासारखी.
पिवळ्याला सवड असते, लालला नसते,
इतकं शिकले.
आवाजांना मात्र रंग नसतो.

ग्रिम्सबीत गोदीच्या मागे थर्ल्बीचं गॅरेज.
पत्र्याच्या दारातून खारा वारा,
वाऱ्याला मासळीचा आणि जुन्या ऑइलचा वास.
"आवाज कसला येतो?"
माझ्याजवळ खूप होते:
थंडीत पट्ट्याची किरकिर,
खालून कुठूनतरी खडखड,
डावीकडे वळताना टकटकटक,
ब्रेक दाबला की पाटीवर पेन्सिल घासल्यासारखी करकर,
सगळ्यांच्या तळाशी एक घरघर
आणि मागच्या सीटजवळ खुळखुळ.
इंग्रजीत तीनच सापडले,
त्यातलाही एक चुकीचा.
शेवटी मी तोंडानेच गाडी वाजवून दाखवली.
पाने पुसणारा कॅलम पुसायचा थांबला.

थर्ल्बी हसला नाही.
"गार असताना की तापल्यावर?
वळताना की सरळ जाताना?
रोज, की कधीमधी?"

हे तर माझे प्रश्न.
हॉस्पिटलच्या त्या जाड भिंतींच्या खोलीत
हेडफोन चढवलेल्या माणसांना मी दिवसभर हेच विचारते:
शिट्टी की गुणगुण?
एका कानात की दोन्ही?
झोपताना वाढते का?

म्हणून दिसलं असेल मला.
प्रत्येक प्रश्नानंतर त्याची मान डावीकडे वळत होती
आणि उजवा कान माझ्यापुढे येत होता.
कॅलमने मागून दोनदा हाक मारली.
तिसऱ्यांदा पिंपावर पाना आपटला.

बॉनेट उघडून थर्ल्बीने
हातभर लांब स्क्रू-ड्रायव्हर घेतला,
टोक धडधडत्या लोखंडावर,
मूठ डाव्या कानामागच्या हाडावर,
डोळे मिटलेले.
मी ट्यूनिंग फोर्क तिथेच टेकवते.
अगदी तिथेच, बोटभरही इकडे तिकडे नाही.
कानाचं दार अडलं तरी
हाडातून एक वाट असते कधीकधी.
"अल्टरनेटरचं बेअरिंग," तो म्हणाला.
"तुमची ती गर्र-गर्र."

टकटक म्हणजे चाकामागचं फाटलेलं रबर.
खडखड म्हणजे रस्त्यावरच्या हिवाळी मिठाने खाल्लेला पत्रा,
तो त्याने एका क्लिपने आवळला, त्याचे पैसे लावले नाहीत.
ब्रेकचे पॅड झिजून कागद झालेले.
कढईत फक्त हवा कमी होती,
झारीत तेल.
कासव थांबू शकतं म्हणाला, पगार झाल्यावर या.
खुळखुळ सापडली नाही.
कॅलमने मागची सीट काढली: एक केसांची पिन,
एक पेपरमिंट, वीस पेन्स.
सगळं काढून टाकलं, तरी खुळखुळ.

पावतीच्या मागे मी माझ्या खोलीचा नंबर लिहिला
आणि परत त्याच्याच हातात दिला.
त्याने वाचला. बराच वेळ वाचला,
सहाच आकडे होते.
"पिवळा की लाल?"
पिवळा, म्हणाले मी.
न तपासता सांगितलं. तसं सांगू नये,
त्याने नव्हतं सांगितलं.

अजून फोन आलेला नाही.
गाडी आता शांत चालते, म्हणजे जवळजवळ.
पहाटेच्या पाळीला, रस्ते मोकळे असताना,
मागे काहीतरी खुळखुळतं,
कुणी बाळाला गप्प करत असल्यासारखं.
हीच का ती खोड,
पिंचबेकबाईंना विचारायचं राहिलंय.
नंबर आहे माझ्याकडे.