थकबाकी

महापालिकेनं दिवसाचे सातशे ठरवले.
ढोल माझा, टिपरूही माझंच.
सिडकोत हिरवे टेलरच्या दारात
नऊ हजारांच्या घरपट्टीसाठी
अर्धा तास बडवला;
सून आतून कडी लावून बसली.
गल्ली बघत होती.

गंगापूर रोडला वरखेडे साहेबांचा वाढदिवसाचा फ्लेक्स:
पांढरी बोट, मागं परदेशातलं निळं पाणी.
मिसळ खाताना सगळे म्हणाले, माणूस कर्तबगार.
मीही म्हणालो.

वसुली कारकून तर्री ओतत हसला.
बोट त्याची नाहीच, कंपनीची.
कंपनी कुठल्याशा बेटावरची.
बेटावर नुसती टपालपेटी.

उठताना ढोलाची दोरी आवळली, विचारलं,
पेटीला दार असतं ना, भाऊसाहेब?
असतं की, म्हणाला,
चिठ्ठी जाईल एवढं.